भाड्याच्या जुन्या घरातला रंग खरवडण्याआधी: शिसं, घरमालकाची जबाबदारी आणि कामाचा क्रम

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस कोल्हापुरात रंगारी सापडत नाही. सापडला की घरमालक त्याला घाईघाईनं कामाला लावतो, भाडेकरूला "दोन दिवस जरा धूळ होईल" एवढं सांगतो, आणि तिसऱ्या दिवशी खिडक्या नव्यासारख्या दिसतात. जुन्या घरात हीच पद्धत सगळ्यात घातक आहे. शिसं असलेला जुना रंग चौकटीला घट्ट धरून असतो तोवर त्याचा फारसा त्रास नसतो. कोरडा घासला की त्याचं पीठ होतं. ते पीठ फरशीवर बसतं आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावरून तोंडात जातं.

मीही हेच केलंय. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं देतो. एका वर्षी रंगाऱ्यानं ब्लो लॅम्प (जुना रंग ज्योतीनं भाजून सैल करायचा दिवा) लावून जिन्याचा कठडा सोलून काढला. "मालक, दोन दिवसांत मोकळं करतो बघा," म्हणाला, आणि केलंही. भाडेकरूच्या सात महिन्यांच्या बाळाचा पाळणा त्याच जिन्याच्या तोंडाशी होता. काही चुकतंय असं तेव्हा ना त्याला वाटलं, ना मला, ना बाळाच्या आईला. खालचा क्रम त्यानंतर शिकलेला आहे.

कायदा नेमका कुठे पकडतो

आधी एक गैरसमज काढू. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेलं घर भाड्यानं देताना मालकाला ठाऊक असलेल्या शिसेयुक्त रंगाची लेखी माहिती द्यावी लागते आणि सोबत माहितीपत्रकही द्यावं लागतं. त्याचं मूळ तिथल्या १९९२ च्या कायद्यात आहे. तो फॉर्म डाउनलोड करून इथल्या करारनाम्याला टाचलेला मी पाहिलाय. कोल्हापुरात त्याला कायद्याचं बळ नाही.

आपल्याकडे भाड्याच्या घरातल्या शिशाबद्दल वेगळा कायदा नाही. म्हणून मालक मोकळा, असं मात्र नाही. जबाबदारी तीन-चार जुन्या कलमांतून येते, आणि कुठलं कलम लागेल हे तुमचा कागद कुठला यावर ठरतं.

घर लिव्ह अँड लायसन्सवर असेल (आजकाल बहुतेक असंच) तर १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे वकील ज्याला ईझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात तो. त्याचं ५७ वं कलम सांगतं की जागेत राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर मालकानं तो सांगितलाच पाहिजे. ५८ वं कलम त्याच्या पुढे जातं: मालकानं स्वतः असं काही करायचं नाही, ज्यामुळे जागा धोकादायक होईल. माझ्या मते रंगकामाच्या बाबतीत हे ५८ वं कलमच जास्त बोचणारं आहे. रंग चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी दिला असेल, पण तो आज कोरडा घासायला लावला तुम्ही.

भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८. मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला साध्या नजरेनं न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणं मालकाला बंधनकारक आहे. पेठांतल्या जुन्या भाडेकरूंना शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ आहे: जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकाची. त्यात 'शिसं' हा शब्द नाही. पण पोपडे धरलेली भिंत, सडलेली चौकट आणि ओल या गोष्टी दुरुस्तीत येतात, आणि शिशाचा धोका नेमका तिथेच असतो.

> इथे गल्लत होते: "तपासलंच नाही तर माहीत नव्हतं म्हणता येईल," असं बरेच मालक म्हणतात. भाडेकरूनं व्हॉट्सअ‍ॅपवर पोपड्यांचे फोटो आणि "बाळ चाटतंय" असा एक निरोप टाकला, की तुम्हाला माहीत नव्हतं हे म्हणणं टिकवणं अवघड.

टप्पा १: रंगाऱ्याला फोन करायच्या आधी घर बघा

दिवसाउजेडी, टॉर्च आणि वही घेऊन फिरा. प्रत्येक खोलीत हे शोधा:

- उघडझाप होताना घासणारी ठिकाणं: खिडकीची झडप, दाराची कड, उंबरठा, कडीजवळची जागा. इथे कुणी काही न करताही रोज थोडी पूड पडत असते.
- लहान मुलाचं तोंड पोचेल अशी जागा: खिडकीचा कट्टा, कठडा, ग्रीलचे आडवे गज.
- ओल आणि पोपडे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं (शुक्रवार पेठ, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडची बाजू), त्यांनी भिंतीचा खालचा भाग नीट बघा.

चुन्याच्या आणि साध्या डिस्टेंपरच्या भिंतींची चिंता तुलनेनं कमी. संशय घ्यायचा तो ऑइल पेंटचा, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल आणि गडद हिरव्या थरांचा, कारण या छटांसाठी शिशाची रंगद्रव्यं सर्रास वापरली जायची. जुना सफेदाही शिशाचाच. लोखंडावर सगळ्यात खाली शेंदरी थर दिसला तर सावध व्हा. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचंच ऑक्साईड. त्याच्याशी तपकिरी-लाल रेड ऑक्साईडची गल्लत नको, ते लोखंडाचं असतं. नुसत्या डोळ्यांनी मात्र दोन्हींतलं काहीच सिद्ध होत नाही.

तपासा: वहीत खोली, वस्तू, रंगाची अवस्था (घट्ट, भेगाळलेला, सुटलेला) आणि फोटोची तारीख आहे का? नसेल तर पुन्हा फिरा. पुढचे सगळे कागद या वहीवर उभे राहणार आहेत.

टप्पा २: नमुना आणि चाचणी

ऑनलाइन मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्या पहिल्या अंदाजापुरत्या ठीक. वरच्या थरावर काडी फिरवून "शिसं नाही" म्हणणं ही नेहमीची चूक. वरचा थर पाच वर्षांचा असतो, शिसं चौथ्या-पाचव्या थरात. कटरनं लाकडापर्यंत तिरकी खाच पाडा, सगळे थर उघडे पडू द्या, मग काडी लावा. लाल रंगावर काडी लाल झाली तर तो नुसता रंग उतरलेलाही असू शकतो.

खात्रीसाठी लॅब. नमुना असा घ्या:

१. खाली कागद पसरा, जागा पाण्यानं ओली करा.
२. सगळे थर एकत्र निघतील असा तुकडा काढा. लाकूड किंवा प्लास्टर सोबत आलं तर आकडा खोटा कमी येतो.
३. दार, खिडकी, ग्रील, कठडा यांच्या वेगळ्या पिशव्या. प्रत्येकीवर जागा आणि तारीख.
४. उरलेली पूड ओल्या फडक्यानं टिपा, फडकं पिशवीत बांधून टाका.

लॅब एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची हवी आणि त्या मान्यतेत रंगातल्या शिशाची चाचणी येते का, हे नमुना पाठवायच्या आधी विचारा. किती ग्रॅम लागतील तेही. इथे सोय झाली नाही तर पुण्या-मुंबईला कुरिअर करता येतं.

> आकडा वाचताना: ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) ही मर्यादा नव्या रंगाच्या डब्याची आहे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी नियम केले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. भिंतीवर आधीच असलेल्या रंगाला ही मर्यादा लागत नाही. दारावरचा रंग ४०० पीपीएम आला म्हणून भाडेकरूनं मालकाला 'गुन्हेगार' म्हणणं चूक, आणि २०,००० आला तरी "नियम जुन्या रंगाला नाही" म्हणून मालकानं हात झटकणंही चूक. तुलनेसाठी सांगतो: अमेरिकेत जुन्या रंगाला शिसेयुक्त म्हणायची रेघ वजनाच्या ०.५ टक्का, म्हणजे ५,००० पीपीएम आहे.

एक्सआरएफ यंत्रानं (क्ष-किरण टाकून जागेवरच शिसं मोजणारं यंत्र) मोजणी केली तर उत्तर चौरस सेंटिमीटरला मिलिग्रॅममध्ये येतं. त्याचं परस्पर पीपीएममध्ये रूपांतर करू नका, दोन मापं वेगळी आहेत.

टप्पा ३: लेखी सांगा, रंग द्यायच्या आधी

बहुतेकांचा क्रम इथे उलटा होतो. आधी रंग, मग "बरं का वहिनी, जुन्या रंगात काहीतरी होतं म्हणे." कागद आधी हवा. भाषा साधी ठेवा:

"या घरातील पुढील खोलीच्या दोन खिडक्या व जिन्याचा कठडा यांवरील जुन्या रंगात शिसे आढळले आहे (चाचणी अहवाल सोबत). दुरुस्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत होईल. तोपर्यंत त्या जागा खरवडू किंवा घासू नयेत, कोरड्या झाडूने झाडू नयेत, आणि लहान मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवावे."

खाली दोघांच्या सह्या, तारीख, दोन प्रती. चाचणी केली नसेल तर 'आढळले आहे' लिहू नका; 'जुना ऑइल पेंट आहे, शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून काम होईल' असं लिहा. खोटा दिलासा तर अजिबात नको. "पूर्ण सुरक्षित" हे दोन शब्द पुढे तुमच्याच विरुद्ध वाचले जातात.

टप्पा ४: घरात कोण आहे ते विचारा

सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर कामाच्या दिवसांत ती माणसं त्या घरात नकोत. "आतल्या खोलीत बसू" चालत नाही. आपल्या जुन्या घरांत माडीवरची पूड फळ्यांच्या फटींतून खाली उतरते.

मूल माती किंवा पोपडे खात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा. बोटातून काढलेल्या थेंबाचा आकडा वाढलेला आला तर शिरेतल्या रक्तानं खात्री करतात, कारण बोटावरच्या धुळीनंही आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. त्याखाली सगळं आलबेल असतं असं नाही. शिशाची निर्धोक पातळी ठाऊक नाही. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाच्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिनही बघतात.

रक्तात शिसं सापडलं म्हणजे ते भिंतीतूनच आलं असंही धरून चालू नका. वडील बॅटरीच्या, फाउंड्रीच्या किंवा रंगाच्या कामावर असतील तर ते कपड्यांवरूनही घरी येतं. भांडण लावायच्या आधी डॉक्टरांना हे सांगा.

जुने भाडेकरू चार दिवससुद्धा घर सोडायला घाबरतात, आणि त्यांची भीती वेडी नाही. दुरुस्तीच्या नावाखाली ताबा गेल्याच्या गोष्टी प्रत्येक पेठेत आहेत. म्हणून पत्र द्या: ताबा भाडेकरूचाच, परतायची तारीख ही, एक खोली सामानासह त्यांच्या कुलपात, आणि त्या दिवसांचं भाडं माफ. त्यांना बाहेर काढायला पाणी किंवा वीज तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार तो वेगळा गुन्हा होतो.

टप्पा ५: काम

आधी ओल थांबवा. कौलं, पन्हळ, गळका नळ, भिंतीला लागून साचणारं पाणी. ओल्या भिंतीवरचा रंग पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे धरणार. भिंत पावसाळ्यानंतर नीट सुकू द्या, दिवाळी हुकली तरी चालेल.

मग प्रत्येक जागेचा निर्णय वेगळा:

- घट्ट, न घासली जाणारी जागा: खरवडू नका. हलकं पुसून वर नवा रंग.
- सुटलेले पोपडे: ओले करून खरवडा, मग रंग.
- घासणारी झडप किंवा कड: नुसता वरून रंग टिकत नाही. झडप बदला, किंवा ती उतरवून घराबाहेर ओली करून कड साफ करा, म्हणजे ती चौकटीला घासणार नाही.

रंगाऱ्याशी ठरवताना या अटी कागदावर घाला, आणि जास्तीच्या वेळेचे पैसे आनंदानं द्या. फुकटात हे कुणी करणार नाही.

१. खोली रिकामी. जे हलत नाही त्यावर प्लास्टिक, कडेनं चिकटपट्टी. कामाच्या जागेपासून साधारण सहा फुटांपर्यंत फरशीवर जाड प्लास्टिक.
२. पंखा बंद, दाराला प्लास्टिकचा पडदा. पाणी फवारायच्या आधी त्या भागाची वीज मेनपासून बंद.
३. पाणी फवारा, मग पत्रीनं खरवडा. कोरडा पॉलिश पेपर नाही. वॉटर पेपर, तोही सतत ओला.
४. ब्लो लॅम्प नाही. घासायचं मशीन नाही.
५. कामगाराला एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क. रुमाल पुरत नाही. जेवायच्या आणि तंबाखू मळायच्या आधी हात साबणानं धुणं. कामाचे कपडे तिथेच बदलायचे, नाहीतर पूड त्याच्या मुलांकडे जाते.

> कोल्हापुरी धोका: काढलेल्या चौकटी आणि झडपा बंबात घालू नका. लाकूड कितीही वाळलेलं असो. रंगातलं शिसं धुरात आणि राखेत येतं, आणि तीच राख भांडी घासायला किंवा परसातल्या भाजीला जाते.

पोपडे, पूड, फडकी, प्लास्टिक दुहेरी पिशवीत बांधा, वर 'जुना रंग' असं लिहा आणि महापालिकेच्या घंटागाडीला ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळं सांगून द्या. अंगणात पुरू नका.

टप्पा ६: सफाई, मगच ताबा

काम संपल्यावर तासभर थांबा, धूळ बसू द्या. प्लास्टिकवर पाणी मारून ते आतल्या बाजूनं गुंडाळा. वरून खाली ओल्या फडक्यानं पुसा: खिडकीचा कट्टा, मग फरशी. दोन बादल्या ठेवा, एक साबणाच्या पाण्याची, एक खळबळायची. पाणी प्रत्येक खोलीला बदला. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक पूड मागून हवेत सोडतो, तो वापरू नका.

तपासा: पांढरं ओलं फडकं कट्ट्यावर आणि फरशीवर फिरवा. रंगाची पूड किंवा काळसर रेघ दिसली तर पुन्हा धुवा. फडकं स्वच्छ निघालं तरी मुलांना दुसऱ्या दिवशी आणखी एकदा पुसून झाल्यावरच आत घ्या.

टप्पा ७: नवा डबा

डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही असा मजकूर आणि उत्पादकाचं नाव-पत्ता हवा. सुट्या भरलेल्या, लेबल नसलेल्या रंगाला हात लावू नका. आणि ग्रीलसाठी दुकानदार 'मजबूत' म्हणून औद्योगिक वापराचा रंग देतो, त्याला हे घरगुती रंगांचे नियम लागत नाहीत. लेबलाचा फोटो आणि पक्कं बिल ठेवा.

मालक हलतच नसेल तर: भाडेकरूसाठी

भाडं थांबवू नका. ही सगळ्यात महाग चूक आहे. दुरुस्तीचा तुमचा बरोबर मुद्दा थकबाकीच्या खटल्यात बुडतो.

भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला कलम १४ मधली वाट अशी: दुरुस्त्यांची यादी आणि फोटो जोडून किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, स्पीड पोस्टानं, पोहोचीसह. त्यानंतर वाजवी वेळेत मालकानं काही केलं नाही, तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना ४,००० भाडं असेल तर वर्षाचे ४८,०००, म्हणजे जास्तीत जास्त १२,०००. कामाची बिलं नसतील तर हा आकडा मागता येणार नाही, आणि तुम्ही केलेल्या कामालाही टप्पा ५ लागू आहे.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी या कलमावर विसंबू नये. त्यांचा आधार म्हणजे करारनामा आणि वरची ५७, ५८ कलमं. तिथे मालकाला अहवाल आणि पत्र द्या, ठरावीक तारीख मागा, आणि ऐकलं नाही तर अनामत परत घेऊन बाहेर पडणं बहुधा खटल्यापेक्षा शहाणपणाचं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना तिथे मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अर्ज घरातल्या बाईच्या नावानं करणं सोपं पडतं. अर्थात करारनाम्यात तिचं नाव असेल तर.

टप्पा ८: पुढचा करारनामा

एक कलम बहुतेक छापील मसुद्यांत असतं: 'घर सोडताना लायसन्सीने स्वखर्चाने रंग देऊन घर परत करावे.' जुन्या घराच्या करारनाम्यातून ते काढा. भाडेकरू स्वस्तातला रंगारी आणतो, तो कोरडं घासतो, आणि ती पूड तुमच्या पुढच्या भाडेकरूच्या नशिबी येते. त्याऐवजी रंगकाम मालक करेल आणि खर्चाची ठरलेली रक्कम अनामतीतून वळती होईल असं लिहा. सोबत हे जोडा: 'दारे, खिडक्या, ग्रील व कठडे यांवरील रंग लायसन्सीने खरवडू, घासू अथवा जाळू नये, रंग सुटल्यास मालकास लेखी कळवावे, मालक १५ दिवसांत पाहणी करील.'

करारनामा लेखी आणि नोंदणीकृत असू द्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. तोंडी सांगितलेलं मग काहीच उरत नाही.

टप्पा १ ची वही, अहवाल, सहीचं पत्र, रंगाऱ्याच्या अटी, बिलं आणि लेबलचे फोटो एका फाईलमध्ये घाला. एक झेरॉक्स भाडेकरूकडे, एक तुमच्याकडे. दरवर्षी पावसाळा संपला की ती फाईल हातात घेऊन त्याच खिडक्या पुन्हा बघा, आणि कुठे रंग सुटलाय ते त्याच वहीत पुढच्या पानावर लिहा.